सरसखोलीची नोंद दुरुस्त करून मीच दिलेले प्रमाणपत्र रद्द करण्याबाबत

दिनांक : १३ मार्च

प्रति,
मा. निबंधक,
इमारत ऊर्जा प्रमाणपत्र नोंदणी कार्यालय,
अनिवासी इमारती शाखा, दुसरा मजला.

विषय : पुस्तकबांधणी कारखान्याच्या इमारतीस मी दिलेले 'डी' दर्जाचे प्रमाणपत्र खोट्या नोंदीवर आधारलेले असल्याने ते रद्द करणे, आणि त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील मागच्या खोलीत एक बाई सव्वीस वर्षे रोज काम करीत होती, अशी नोंद घेणे.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ३० जानेवारी, ११ फेब्रुवारी व २४ फेब्रुवारी.
२) आपले नकाराचे पत्र दि. ६ फेब्रुवारी.
३) आपले अभिनंदनपत्र दि. ३ मार्च.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, आपल्या कार्यालयाची मान्यताप्राप्त ऊर्जा मूल्यांकक आहे. दुकाने, कचेऱ्या, कारखाने, दवाखाने अशा राहती घरे नसलेल्या इमारती गेली अकरा वर्षे मी तपासत आले. भिंती, काचा, दिवे, तापवण्याची साधने पाहायची, खोलीनिहाय नोंदी करायच्या आणि 'ए' ते 'जी' यांपैकी जो दर्जा निघेल त्याचे प्रमाणपत्र द्यायचे, हे माझे काम. 'ई'च्या खालची इमारत भाड्याने देता येत नाही, हे आपण जाणताच. माझ्या मागील तिन्ही अर्जांत मी 'नोंदीत त्रुटी राहून गेली' असे लिहिले होते. 'त्रुटी' हा शब्द मी या अर्जान्वये मागे घेते. ती त्रुटी नव्हती. मी खोटे लिहिले होते.

२. सदर इमारत तीन मजली आहे. तळमजल्यावर कागद कापण्याचे यंत्र, पहिल्या मजल्यावर घड्या घालणे व शिवण, आणि वर कचेरी व तिच्यामागे एक खोली. मालकांना तळमजला एका दुकानदारास भाड्याने द्यायचा होता. त्यासाठी दि. ९ ऑक्टोबर रोजी मी तपासणीस गेले. त्या दिवसातली ती माझी तिसरी इमारत होती. मागची खोली बंद होती. मालक म्हणाले, "किल्ली आमच्या एका बाईकडे असते, ती चष्मा दुरुस्त करायला गेलीय. काही नाही हो आत. समोरच्या खोलीसारखीच आहे, नुसती लहान. सामान असतं." दाराला वीतभर काच होती. ती बोटांच्या ठशांनी माखलेली होती. त्यातून मला एक खिडकी व फळ्या दिसल्या. आपल्या विहित नमुन्यात प्रत्येक खोलीपुढे 'प्रत्यक्ष पाहिली' आणि 'गृहीत धरली' असे दोन चौकोन असतात. दुसऱ्यावर खूण केली तर कारणांचे वेगळे पत्र जोडावे लागते. ते लिहायला पंधरा मिनिटे लागतात. मी पहिल्या चौकोनात खूण केली. पुढे लिहिले : 'साठवणुकीची खोली. उष्णतेचे साधन नाही. माणसांचा वावर नाही.'

३. येथे मला आणखी एक गोष्ट नमूद करायची आहे. ती मागील अर्जांत तीन वेळा लिहून तीन वेळा खोडली. मी जिना उतरत असताना ती वर येत होती. साधारण साठीची, ठेंगणी बाई. कमरेला किल्ल्या, नाकावर नुकताच दुरुस्त होऊन आलेला चष्मा. कारखान्यात तिला सगळे सरसताई म्हणत, कारण पुस्तकांच्या पाठी चिकटवायचा सरस तापवण्याचे काम तिचे. स्वतःच्या नावावर तिचा एक ठरलेला विनोद होता, तो मला नंतर कळला : "या कारखान्यात मीच काय ती सरस, बाकी सगळे निरस." मला पाहून ती म्हणाली, "तूच ना गं तपासायला आलेली? माझी खोली बघितलीस का?"

मी म्हटले, "बघितली, मावशी. काचेतून."

ती मोठ्याने हसली. म्हणाली, "काचेतून खोलीचं नुसतं तोंड दिसतं, पोरी. चल, उघडून दाखवते. दोन मिनिटांचं काम."

मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की."

तिने किल्ली हातात काढलीसुद्धा होती.

४. माझ्या अहवालातील शिफारस क्रमांक तीन अशी होती : 'मागील बाजूच्या खिडक्यांच्या फटी कायमस्वरूपी बुजवाव्यात.' ही शिफारस मी शेकडो अहवालांत केलेली आहे. मालकांनी ती नोव्हेंबरात मनावर घेतली. त्या मागच्या खोलीच्या, म्हणजे सरसखोलीच्या, खिडकीच्या फटींत फुगून घट्ट होणारा फेस भरला, कडेने रबराच्या पट्ट्या लावल्या आणि दोन्ही झडपा स्क्रूने चौकटीस जखडल्या. दि. ४ डिसेंबर रोजी मी केवळ छायाचित्रे पाहून इमारतीचा दर्जा 'एफ'वरून 'डी' केला. नियमानुसार फेरतपासणीस स्वतः जाणे बंधनकारक नाही. 'पुढच्या वेळी' म्हणून मी जो शब्द दिला होता, त्याची ती वेळ होती. मी गेले नाही.

५. दि. ११ जानेवारी रोजी कडाक्याची थंडी होती. ग्रंथालयाच्या पुस्तकांचे मोठे काम आले होते. सरसताईने सकाळी साडेआठला गॅसची शेगडी पेटवली आणि तिच्यावर पाण्यात सरसाचे भांडे ठेवले. झडपा जखडण्यापूर्वी ती वर्षाचे बाराही महिने खिडकीची एक झडप उघडी ठेवीत असे. थंडीत पायांवर गोणपाट घेई, पण झडप लावू देत नसे. त्यानंतर ती दार उघडे ठेवी; त्या दिवशी थंडीमुळे दारही लावलेले होते. दुपारी अडीचला पहिल्या मजल्यावरील शिवणकाम करणारी, जिला तेथे टाकेवाली म्हणतात, पाठी चिकटवलेली पुस्तके मागायला वर गेली. सरसताई खुर्चीवर बसून पुस्तकांच्या थप्पीवर डोके टेकून होती. चष्मा काढून नीट बाजूला ठेवलेला. टाकेवालीला वाटले, डोळा लागला असेल. "मी दोन हाका मारल्या," टाकेवालीने मला सांगितले, "मग तिच्या हातातला ब्रश काढून घ्यायला गेले, तर तो बोटांना चिकटून वाळला होता." डॉक्टरांनी सव्वादोनच्या सुमाराची वेळ सांगितली. कारण : शेगडीतून निघालेला कार्बन मोनॉक्साईड. त्या वायूला वास नसतो. माणसाला डुलकी आल्यासारखे वाटते, एवढेच.

६. अपघात तपास अधिकाऱ्यांनी मालकांना विचारले की खिडकी बंद का केली. मालकांनी प्रवेशद्वाराशी चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवले. दि. २० जानेवारी रोजी अधिकाऱ्यांनी मला दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला : "ती खोली तुम्ही स्वतः पाहिली होती ना?" मी म्हणाले, "हो." या एका 'हो'वर त्यांचा अहवाल उभा राहिला. त्यात लिहिले गेले की खोली अधिकृतपणे साठवणुकीची होती, तेथे उष्णतेचे साधन असल्याची नोंद नव्हती, सबब मृत महिला विनापरवानगी तेथे बसून विनापरवानगी शेगडी वापरीत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. सरसताईची मुलगी शहर बसची चालक आहे. तो अहवाल हातात घेऊन ती माझ्या दारी आली होती. ओरडली नाही. म्हणाली, "माझी आई सव्वीस वर्षं रोज कामाला जात होती. तुमच्या कागदावर ती तिथे नव्हतीच. मग मी डबा कुणाला भरून देत होते?" मी तिला आत बोलावले नाही. दार लावून घेतले.

७. यानंतर जे घडले ते मी सही करण्याच्या जबाबदारीने लिहीत आहे. दि. १६ फेब्रुवारी रोजी मालकांनी मला बोलावले. त्यांची तक्रार अशी की सरसखोलीची खिडकी रोज सकाळी उघडी सापडते. पट्ट्या उपटलेल्या नसतात. स्क्रू एकेक करून सोडवलेले असतात आणि खिडकीच्या खालच्या कडेवर ओळीने मांडून ठेवलेले असतात, जसे एखादे टापटिपीचे माणूस ठेवील. खोलीला नवे कुलूप होते आणि त्याची एकच किल्ली होती, ती मालकांच्या खिशात. त्यांचा संशय टाकेवालीवर होता. मी तिला विचारले. ती म्हणाली, "उघडते कोण, ते मला माहीत नाही. पण मालकांनी सकाळी खोली उघडली की त्यांच्या नकळत ते स्क्रू उचलून मी खिशात घालते, म्हणजे पुन्हा लावायला नकोत. माझ्याकडे आता सत्तावीस झालेत." मालक दर वेळी नवे आणत होते.

८. इमारतीतून हवा कोठून गळते हे शोधण्यासाठी दि. १८ फेब्रुवारी रोजी मी पंख्याची चाचणी घेतली. मुख्य दारात पंखा बसवून आतली हवा बाहेर खेचतात. बाकी सर्व दारे-खिडक्या बंद असल्या की दाबमापकाचा काटा पन्नासावर स्थिर राहतो. सरसखोलीची खिडकी मी स्वतः बंद करून घेतली. तपासणी बाराला सुरू झाली. काटा स्थिर राहिला नाही. तो थोडा वर जाई, थोडा खाली येई, पुन्हा वर जाई. मला वाटले वारा असेल. बाहेर पान हलत नव्हते. दुसरा मापक लावला. तोही तसाच. मग मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला सोळा वेळा. झोपलेल्या माणसाच्या छातीवर नजर ठेवून आपण मोजतो, तशा मी त्या मापकाच्या हालचाली मोजत होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले.

एक वाजता चौदा. पावणेदोनला नऊ. दोन वाजता पाच, आणि प्रत्येक वेळी काटा वर जाताना अडखळत होता. मी धावत वर गेले नाही. मी आकडे लिहीत राहिले. टाकेवाली शेजारी उभी होती. तिला यंत्रातले काही कळत नव्हते, पण तिने माझा दंड घट्ट धरला होता. दोन वाजून सोळा मिनिटांनी काटा एकदा वर गेला, हळूहळू खाली आला आणि पन्नासावर थांबला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. त्याचा अर्थ : इमारत चाचणीत उत्तीर्ण.

दुसऱ्या दिवशी मी चाचणी पुन्हा घेतली. सर्व आकडे तेच आले. फक्त या खेपेला पावणेदोनला मी वर गेले, मालकांकडून घेतलेली किल्ली लावली आणि दोन्ही झडपा उघडल्या. खोलीत शेगडी नव्हती, भांडे नव्हते. सर्व हलवलेले होते. तरी सरसाचा ओलसर, कढत वास नाकाशी आला. खाली टाकेवाली मापकापाशी थांबली होती. तिने जिन्यातून हाक मारली, "बाई, काटा शांत झाला! पडला नाही, नुसता शांत झाला!" खुली खिडकी असताना चाचणी कधीच उत्तीर्ण होत नाही, त्यामुळे त्या दिवसाचा निकाल 'अनुत्तीर्ण' असा आहे. दोन्ही दिवसांच्या नोंदपट्ट्या सोबत जोडल्या आहेत.

९. आता आपल्या कार्यालयासंबंधी. पहिल्या अर्जास आपण कळवले की प्रमाणपत्र हे इमारतीचे असते, माणसांचे नव्हे. त्याची मुदत दहा वर्षे असून मूल्यांककाच्या स्वतःच्या विनंतीवरून ते रद्द करण्याची तरतूद नाही. दुसऱ्या अर्जाच्या वेळी आवक खिडकीवरील लिपिकांनी मला समजावले, "अहो बाई, लोक दर्जा वाढवून मागतात. उतरवायचा नमुनाच छापलेला नाही." त्यांचा हेतू चांगला होता. त्यांनी मला दर्जावाढीचा नमुना दिला आणि 'वाढ' हा शब्द खोडून वापरा म्हणाले. त्या नमुन्यात 'खोलीचा प्रत्यक्ष वापर व वापरकर्त्यांची संख्या' असा रकाना आहे. मी खरे ते लिहिले : 'सरस तापवणे. एक.' दि. २४ फेब्रुवारीचा तो अर्ज परत आला. शेरा होता : 'मयत व्यक्तीस वापरकर्ता म्हणून दाखवता येत नाही. रकाना रिकामा सोडून पुन्हा सादर करावे.' महोदय, 'माणसांचा वावर नाही' असे लिहून मी ती खोली एकदा रिकामी दाखवलेली आहे. त्यानेच हे सर्व झाले.

आणि मग दि. ३ मार्चचे आपले अभिनंदनपत्र. वर्षातील सर्वाधिक सुधारणा झालेल्या दहा इमारतींत या इमारतीची निवड झाली, आणि इतर मालकांच्या मार्गदर्शनासाठी काढलेल्या पुस्तिकेत पृष्ठ तेवीसवर आदर्श उदाहरण म्हणून त्या खिडकीचे छायाचित्र छापले. स्क्रू स्पष्ट दिसतात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण ती पुस्तिका किती मालकांच्या टेबलावर गेली असेल, आणि किती जणांनी त्याच दिवशी सुताराला बोलावले असेल?

१०. माझ्याविरुद्ध आपल्याकडे तीन तक्रारी आल्याचे कळले. त्या खऱ्या आहेत. दवाखान्यात, छापखान्यात आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी तपासणी करता करता खिडक्या उघडत सुटले आणि बंद करायला आलेल्यांशी वाद घातला. घरीही तेच चालू आहे. मी स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवू शकत नाही. सासूबाई शाल गुंडाळून बसतात. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, बंद कर ती, गारठून मरायची मी—" आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून अर्ध्यावर थांबल्या. मग स्वतः उठून त्यांनी खिडकी आणखी थोडी उघडली. तेव्हा मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडले, आणि जिन्यातल्या त्या भेटीची गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. त्या एवढेच म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? जिची आई गेली तिला सांग."

११. दि. ८ मार्च रोजी मी बस आगारात गेले. सरसताईची मुलगी फेरी संपवून उतरत होती. मी तिला उभ्या-उभ्या सर्व सांगितले : चौकोनातली खूण, काढलेली किल्ली, दूरध्वनीवरचा 'हो'. तिने ऐकून घेतले. बसच्या आरशावरचा डाग तिने बोटाने पुसला. म्हणाली, "मी तुम्हाला माफ करणार नाही. पण हे कागदावर लिहून द्या." मी विचारले की कसे लिहू. ती म्हणाली, "जसं मला सांगितलंत तसं. शब्द मऊ करू नका." त्यानुसार काल, दि. १२ मार्च रोजी मी अपघात तपास अधिकाऱ्यांपुढे लेखी जबाब दिला. ती माझ्याबरोबर आली होती. बाहेर बाकावर बसली. अधिकाऱ्यांनी जबाब दोनदा वाचला, मला विचारले, "याचे परिणाम ठाऊक आहेत ना?" आणि प्रकरण पुन्हा उघडल्याची पोच दिली. 'विनापरवानगी' हा शब्द अहवालातून काढण्यात येत आहे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होवो. परवान्याचे ओळखपत्र सोबत परत करीत आहे.

१२. तरी आपणास विनंती की सदर प्रमाणपत्र आजच रद्द करावे. नोंदवहीत त्या खोलीपुढे 'कामाची खोली, गॅसची शेगडी, एक बाई, सव्वीस वर्षे' असे लिहावे. आणि पुस्तिकेच्या प्रती परत मागवाव्यात.

१३. एक तातडीची बाब राहिली; याच्या आधीचा मजकूर आज पहाटेच लिहून झाला होता. गेल्या पंधरा दिवसांत मी माझ्या अकरा वर्षांच्या वह्या काढून बसले. न उघडता 'प्रत्यक्ष पाहिली' असे लिहिलेल्या, सरसखोली सोडून, एकंदर सतरा खोल्या निघाल्या. त्यांपैकी सोळा मी आता आत जाऊन पाहिल्या. चौदांत खरोखरच सामान होते. दोहोंत माणसे काम करीत होती, एकीत तेलाची भट्टीही होती; तेथील खिडक्या मी माझ्यासमोर उघडून घेतल्या आणि मालकांकडून तसे लिहून घेतले. सतरावी खोली एका कपडे धुलाईच्या दुकानामागे आहे. आज सकाळी नऊ वाजता मी तेथे गेले. दुकानदार म्हणाले, "ती कधीपासून बंदच आहे हो, तिथे कोण असणार?" किल्ली सापडत नाही म्हणाले. दाराच्या फटींत नवा फेस भरलेला होता आणि काउंटरवर आपली पुस्तिका होती. मी दारावर थाप मारली. उत्तर आले नाही. पण दाराच्या काचेला आतून वाफ धरलेली होती, आणि मी पाहत असताना ती एका जागी, तोंडाच्या उंचीवर, विरळ होऊन पुन्हा दाट झाली.

दुकानदार दार फोडू देईनात, म्हणून बाहेर येऊन मी अग्निशमन दलास कळवले आहे. ते निघाले आहेत. हा अर्ज वाटेवरच्या आपल्या आवक खिडकीत टाकून मीही परत तिकडेच जात आहे; पोच घ्यायला थांबत नाही. पत्ता शेवटच्या सहपत्रात आहे. हा अर्ज आपल्या हाती पडेल त्या क्षणी आपल्याकडील कोणाही माणसास तेथे धाडावे.

आपली, आजपासून मूल्यांकक नसलेली,

(सही)
परवाना क्र. ४१७ (परत केला)

सहपत्रे :
१. अपघात तपास अधिकाऱ्यांपुढील जबाबाची प्रत व पोच.
२. दि. १८ व १९ फेब्रुवारीच्या दाबचाचणीच्या नोंदपट्ट्या. पहिल्या दिवशीच्या पट्टीचा शेवटचा इंच कृपया पाहावा.
३. टाकेवालीने स्वखुशीने दिलेले स्क्रू, नग सत्तावीस.
४. परवान्याचे ओळखपत्र.
५. सतराव्या खोलीचा पत्ता. (हे पाकीट आधी उघडावे.)